सुरईचं बूच

आमच्या बडोद्यात शुक्रवारी जुना बाजार भरतो. तिथे एका चाचांच्या पथारीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो आणि त्यात काचेची बुचं असतात. बाटल्या नाहीत, नुसती बुचं. कुणी लट्टूसारखं गोल, कुणी भाल्याच्या पात्यासारखं चपटं, कुणाला कमळाच्या कळीसारखे पैलू. बाटली फुटते, बूच मागे राहतं, आणि भंगारात टाकायला कुणाचा हात धजत नाही म्हणून ते या डब्यात येऊन पडतं. चाळीस रुपयाला एक.

मी दर शुक्रवारी त्या डब्यापाशी बसते. एकेक बूच उचलून त्याचा खालचा, घासून खरखरीत केलेला दांडा उन्हाकडे धरते. तिथे बारीक अक्षरात कोरलेला आकडा असतो. मला इंग्रजी आकड्यांतला १४ हवा आहे.

हे १४ कुठून आलं, ते सांगायचं तर आत्याच्या घरात जावं लागेल.

आत्याचं सासर दांडिया बाजारात. जिना चढून गेलं की डाव्या हाताला माजघर, तिथल्या कोनाड्यात ती सुरई. आत्या तिला सुरईच म्हणायची. डिकँटर हा शब्द मी फार पुढे ऐकला. उन्हाळ्यात आम्ही भाचरं जमलो की तिच्यात वाळ्याचं सरबत भरायचं, पाडव्यानंतर कैरीचं पन्हं. चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि सुरईवरून शहाबादी फरशीवर रंगांचे तुकडे सांडायचे. आम्ही त्या रंगांत पाय ठेवून बसायचो. माझ्या वाट्याला नेहमी जांभळा यायचा, कारण मी सगळ्यांत धाकटी आणि तो सगळ्यांत टोकाला.

सुरईला तिचं मूळचं बूच नव्हतं. ते केव्हा गेलं, कुणी फोडलं, हे आत्यालाही माहीत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिथे मलमलीच्या चिंधीत गुंडाळलेलं साधं बूच होतं. आत्याचे सासरे गायकवाड सरकारच्या खानगी खात्यात कारकून होते. त्यामुळे ‘ही राजवाड्यातली’ असं घरात पिढ्यान्‌पिढ्या बोललं जायचं. बडोद्यातल्या मराठी घरांत असं काही ना काही असतंच. कुणाकडे राजवाड्यातलं तबक, कुणाकडे पानदान, कुणाकडे नुसती एक कडी.

आत्या गेल्यावर सुरई माझ्याकडे आली. तेव्हा मी ती फक्त पुसून ठेवली. ती काय आहे हे कळायला मला आधी एकदा फसावं लागलं.

शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षीची गोष्ट. शहरातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पैलूदार वाडगा दिसला. दुकानदार म्हणाला, ‘बेन, आ तो असल वॉटरफर्ड, बसो वरस जूनुं.’ म्हणजे दोनशे वर्षं जुनी, आयर्लंडमधली नावाजलेली काच. त्याने वाडगा उपडा करून दाखवला. बुडाला दुधी अक्षरांत नाव होतं. अठराशे रुपये मोजले. घरी आणून सुरईशेजारी ठेवला आणि चार वाजता ऊन आलं. सुरईने फरशीवर रंग टाकले. वाडग्याने नुसता पांढरा कवडसा टाकला.

मी बत्तीस वर्षं मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं. त्या पांढऱ्या कवडशाने मला जाग आली. मग मी वाचायला लागले, बघायला लागले, आणि सगळ्यांत जास्त हातात घेऊन बघायला लागले.

ज्याला आपण बिल्लोरी म्हणतो त्या काचेत शिसं असतं. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टला १६७४ साली अशा काचेचा एकाधिकार मिळाला. शिशामुळे तीन गोष्टी होतात. काच जड होते. ती मऊ होते, म्हणून फिरत्या चाकावर तिला खोल पैलू पाडता येतात. आणि प्रकाश तिच्यात जास्त वळतो आणि जास्त फुटतो, म्हणून ते रंग. साधी काच वाळू, सोडा आणि चुन्याची. तिची घनता अडीचच्या आसपास. शिसं घातलं की ती वाढत जाते. युरोपीय आर्थिक समुदायाने १९६९ साली नियमच केला: शिशाचं ऑक्साइड किमान २४ टक्के आणि घनता किमान २.९० असेल तर लेड क्रिस्टल म्हणा, ३० टक्के आणि ३.०० असेल तर फुल लेड क्रिस्टल.

घनता म्हटल्यावर मला राहवेना. सुनेचा स्वयंपाकघरातला दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. सगळ्यांत मोठं पातेलं पाण्याने भरून त्यावर ठेवलं आणि काटा शून्यावर आणला. वाडग्याला दोन बाजूंनी जाड दोरा बांधला, लाटण्याला लटकवला आणि लाटणं दोन डब्यांवर आडवं टेकवून वाडगा पाण्यात सोडला. तळाला लागू द्यायचा नाही, कडेला चिकटू द्यायचा नाही, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. काट्यावर जेवढे ग्रॅम वाढतात तेवढे घन सेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान. आठवीच्या पुस्तकातला आर्किमिडीज, दुसरं काही नाही. वाडग्याचं कोरडं वजन ६१२ ग्रॅम. पाण्यात सोडल्यावर काटा २४६ने वाढला. भागाकार केला: २.४९. साधी काच.

मग सुरई. हात थरथरत होते हे कबूल करते. तिला आडवी बांधली, पोटातली सगळी हवा निघेपर्यंत पाण्यात हळूहळू फिरवली. कोरडं वजन १,०४० ग्रॅम, काटा वाढला ३३८ने. भागाकार ३.०८. मी तो कागदावर तीनदा करून पाहिला. सून म्हणाली, ‘आई, पातेलं कधी मिळेल? वरणाला टाकायचंय.’

आता बाजारात काही काटा-पातेलं नेता येत नाही. तिथे हात, कान, डोळे आणि एक भिंग, एवढंच.

कानाचं लवकर सांगून टाकते, कारण सगळे त्यावरच भर देतात. पेला तळहातावर ठेवून काठाला नखाने टिचकी मारायची. शिशाची काच घंटेसारखी वाजते, आवाज लांबतो. पण जाड बुडाचा पेला खरा असूनही मुका असू शकतो, आणि पातळ साधी काचही छान वाजते. शिवाय सगळं भारी क्रिस्टल शिशाचं नसतं. बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या भागाची, जुनी परंपरा पोटॅशच्या काचेची आहे, आणि १८५७ साली कार्लोव्ही व्हॅरीत सुरू झालेल्या मोझरचं क्रिस्टल तर बिनशिशाचं म्हणूनच ओळखलं जातं. कानावर विसंबून कुणाला खरं-खोटं ठरवू नये.

पैलू मात्र बघावेत, सावकाश बघावेत. साच्यात दाबून केलेल्या काचेला कुठेतरी जोडाची रेघ असते. डोळ्यांना दिसली नाही तरी अंगठ्याचं नख आडवं फिरवलं की अडखळतं. साच्यातल्या पैलूंच्या कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोलसर असतात. चाकावर पाडलेला पैलू बोटाला धार जाणवून देतो. जुन्या कारागिराची पद्धत अशी, की आधी लोखंडी चाकावर ओली वाळू सोडत खोल चर पाडायचा, मग दगडी चाकावर तो गुळगुळीत करायचा आणि शेवटी लाकडाच्या किंवा कॉर्कच्या चाकावर चमक आणायची. विसाव्या शतकात ही शेवटची पायरी आम्लात बुडवून होऊ लागली. हाताने चमकवलेल्या चरात भिंगाखाली चाकाच्या बारीक रेघा दिसतात. आणि बुडाला चांदणी पाडलेली असेल तर तिचे सगळे किरण मध्यावर तंतोतंत एका ठिकाणी मिळत नाहीत, एखादा केसभर पुढे गेलेला असतो. आमच्या सुरईच्या चांदणीला चोवीस किरण आहेत. त्यातला अकरावा शेजाऱ्याच्या अंगावर किंचित चढलाय. मला तो माणसासारखा वाटतो. त्या दिवशी संध्याकाळ झाली असेल, उजेड कमी झाला असेल.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट बुडाशी असते. नावात नाही, बुडात.

पन्नास-शंभर वर्षं घरात वावरलेली काचेची वस्तू किती वेळा उचलली आणि ठेवली जात असेल? फडताळात, ताटात, कडाप्प्यावर, ओट्यावर. प्रत्येक वेळी जो भाग खाली टेकतो तेवढ्यालाच एक सूक्ष्म चरा पडतो. असे हजारो चरे, प्रत्येक वेगळ्या दिशेला, एक लांब, एक आखूड, एकमेकांवर चढलेले. नुसत्या डोळ्यांना ते धुरकट कड्यासारखं दिसतं. भिंग लावलं की त्यातला गोंधळ दिसतो. टेकणाऱ्या कड्याच्या आतली खोलगट जागा मात्र स्वच्छ, कारण ती कधी कशाला लागलीच नाही. नकली जुनेपणा आणणारा पॉलिशपेपर घासतो. मग चरे एका दिशेने जातात, एका जाडीचे असतात, आणि घाईघाईत त्या खोलगट जागेवरही उमटतात, जिथे पाट-चौरंगाला पोचताच आलं नसतं. माझ्या वाडग्याचं बूड मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते फसल्यानंतर. सगळे चरे शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखे उभे होते.

आत्याच्या सुरईच्या बुडाला एका बाजूला कडं जास्त झिजलंय. आधी मला कळेना. मग आठवलं. कोनाडा खोल होता आणि आत्या बुटकी. ती सुरई कधी सरळ उचलायचीच नाही, पुढच्या अंगाला ओढून मग घ्यायची. आत्याच्या आधी तिची सासू ओढत असणार, तीही बुटकीच, फोटोत दिसते. दोन बायकांच्या उंचीची नोंद काचेवर झालेली आहे.

आता नावाचं. लोक आधी बुडाचं नाव वाचतात आणि तिथेच फसतात. वॉटरफर्डचा पहिला कारखाना पेन्रोझ कुटुंबाने १७८३ साली आयर्लंडमध्ये काढला आणि तो १८५१मध्ये बंद पडला. त्या काळातल्या बहुतेक वस्तूंवर नाव नाहीच. काही डिकँटरांच्या बुडाखाली साच्यातून उठवलेलं ‘पेन्रोझ वॉटरफर्ड’ मिळतं, तेवढंच. कारखाना पुन्हा सुरू झाला तो १९४७ साली, आणि आम्लाने उमटवलेलं बारीक दुधी नाव त्यानंतरचं. म्हणजे दुधी नाव दाखवत ‘दोनशे वर्षं जुनं’ म्हणणारा माणूस स्वतःच्याच तोंडाने स्वतःला खोटं पाडत असतो. तेव्हा मला एवढं माहीत असतं तर अठराशे रुपये वाचले असते. फ्रान्सच्या बाकाराचं तसंच. कारखाना १७६४चा, पण काचेवरची गोल खूण, जिच्यात सुरई आणि दोन पेले असतात, ती १९३६पासूनची. त्याआधी कागदी लेबलं लागायची, आणि कागदी लेबल पहिल्याच धुण्यात जातं. लालीकचं सगळ्यांत सोपं: फ्रान्सचाच काच-कलावंत रने लालीक १९४५ साली वारला, तोवर सहीत ‘आर’ असायचा, पुढे तो गेला. एखाद्या वस्तूवर ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर ती १९१८ ते १९९२ यांच्या मधली, कारण त्या नावाचा देशच तेवढ्या काळात होता.

आणि आपल्याकडचा लाडका शब्द म्हणजे बेल्जियम. बाजारात जे चमकतं ते सगळं बेल्जियमचं. लक्ष्मी विलास राजवाडा १८९०मध्ये पुरा झाला, त्याच्या दरबार हॉलच्या रंगीत खिडक्या बेल्जियमच्या आहेत, आणि ते पाहून आलेल्या प्रत्येकाच्या घरातला आरसाही मग बेल्जियमचा होतो. बेल्जियमचं क्रिस्टल आहे हो, आणि उत्तम आहे. लिएजजवळ सेरँमध्ये एका जुन्या मठाच्या जागेत १८२६ साली व्हाल सँ लांबेअर हा कारखाना निघाला. त्याची सही बुडावर सापडली तर जपून हातात घ्या. पण देशाचं नाव हा काही पुरावा होत नाही.

इथे मला बडोद्याच्या स्वतःच्या काचेबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. अलेम्बिकची येरा! आमच्या पिढीच्या लग्नांत आहेर म्हणून येराचा सहा पेल्यांचा संच हमखास यायचा. साच्यातली काच, जोडाची रेघ स्पष्ट, बुडाला नाव ठसठशीत. तिने कधी आव आणला नाही. चाचांच्या पथारीवर येराचा जुना पेला दिसला की मी घेते आणि क्रिस्टलच्या शेजारीच मांडते. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८चा, ओगलेवाडीचा १९१६चा. घरोघरच्या लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून आपण काच करायला शिकलो. अशा ठिकाणची कंदिलाची चिमणी बाजारात धूळ खात पडलेली असते आणि तिच्या शेजारी कुणीतरी खोटं नाव घातलेला वाडगा अठराशेला जातो, याचा मला मनापासून राग येतो. साच्यातली काच खोटी नसते. तिच्यावर दुसऱ्याचं नाव घालणारा हात खोटा असतो.

राजवाड्याचंही मी असंच भिंग लावून पाहिलं. राजघराण्यासाठी केलेल्या वस्तूंवर पुष्कळदा मोहोर किंवा आद्याक्षरं कोरलेली असतात. सुरईवर तसं काहीच नाही. पोटावर नाही, मानेवर नाही, बुडाखाली नाही. भावाला सांगितलं तर तो रागावला. ‘ताई, तुला काय करायचंय शोधून? आपल्याला माहितीये ना कुठली ते?’ तेव्हापासून कुणी विचारलं तर मी ‘आत्याच्या घरची’ एवढंच सांगते. ते बुडावर लिहिलेलं आहे, तेवढं मला पुरतं.

मोहोर शोधतानाच मला तो आकडा सापडला. मानेच्या वरच्या काठाच्या आतल्या बाजूला, जिथे बूच बसण्यासाठी काच घासून दुधी केलेली असते तिथे, तांदळाच्या कणीएवढा १४. तोवर ते अंग मी कधी नीट पाहिलंच नव्हतं, तिथे कायम मलमल असायची. जुन्या डिकँटरांची बुचं एकसारखी नसत. प्रत्येक बूच त्याच्याच बाटलीच्या मानेत वाळूने घासून घासून बसवलं जायचं. कारखान्यात पन्नास बाटल्या आणि पन्नास बुचं धुवायला, पुसायला वेगळी झाली की कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून दोघांवर एकच आकडा टाकत. म्हणून जुना डिकँटर घेताना बूच काढून दोन्हीकडचे आकडे वाचावेत. जुळले तर जोडी पहिल्यापासूनची. मानेवर ६ आणि बुचावर २२ असेल तर कुणीतरी मागून जमवलेलं, आणि मग किंमत त्या मानाने द्यावी. बूच बसवून हलक्या हाताने हलवून पाहावं. आपलं असेल तर डुगडुगत नाही.

सुरईत पाणी राहू देऊ नये, हेही सांगायला हवं. आत दुधी पापुद्रा धरतो आणि तो पुष्कळदा मग कशानेच जात नाही. आणि आंबट तर तिच्यात ठेवूच नये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१ साली दाखवलं, की क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये चार महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये शिशाचं प्रमाण कितीतरी पट वाढतं. आमचं पन्हं तासाभरात संपायचं, तेवढ्याने काही होत नसावं. पण आता मी तिच्यात काही भरत नाही. नातवंडांना येराच्या पेल्यात पन्हं देते आणि सुरई नुसती खिडकीत ठेवते. रंग तसेच पडतात.

तर १४. हा आकडा काही दुर्मीळ नाही, कारखान्यागणिक, खेपेगणिक पुन्हा पुन्हा टाकला गेलेला. डब्यात १४ मिळालं म्हणून ते आमचंच असेल असं मुळीच नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी शोधते.

पंधरा दिवसांपूर्वी मिळालं. कळीच्या आकाराचं, आठ पैलूंचं, दांड्यावर १४. चाचा म्हणाले, ‘ले जाओ टीचर, नहीं बैठा तो अगले जुम्मे को वापस.’ घरी येईपर्यंत पिशवी छातीशी धरली होती. खिडकीत बसून मलमल सोडली आणि बूच मानेत घातलं. आत गेलं. बोट टेकवलं तर डावीकडे हललं. पाव वळसा फिरवून पाहिलं, अर्धा फिरवून पाहिलं. हललं. मग भिंग लावून दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहिले. सुरईवरचा चार वरून उघडा आहे, दोन काड्या उभ्या केल्यासारखा. बुचावरचा चार वर मिटलेला. दोन वेगळ्या माणसांचं अक्षर.

मलमल पुन्हा गुंडाळली. पुढच्या शुक्रवारी बूच परत नेलं. चाचांनी मान हलवून विचारलं, मीही मान हलवून सांगितलं. त्यांनी चाळीस रुपये काढले, ते मी घेतले नाहीत. डब्याकडे बोट केलं. त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. या आठवड्यात नवीन सातआठ आली होती. पहिलं ६. दुसरं ३१. तिसऱ्यावरचा आकडा झिजलेला होता, तो मी उन्हाकडे धरला.